बंदुकीवरील अक्षरें : ली-एन्फील्ड रायफलींच्या अस्सलपणाविषयीं

ऐतिहासिक कागद हातीं आला म्हणजे संशोधक मजकुरापूर्वीं मुद्रा पाहतो, मोर्तब पाहतो, अक्षराचें वळण तपासतो आणि तेरखेचा त्या मुद्रेशीं मेळ बसतो कीं नाहीं हें ताडून पाहतो. हीच दृष्टि जुन्या लष्करी रायफलींकडे वळविली पाहिजे असें आमचें म्हणणें आहे. तलवार, कट्यार, तोड्याची बंदूक यांचा संग्रह आपल्याकडे पुष्कळांनीं केला. परंतु बोल्ट मागेंपुढें सरकवून काडतूस भरावयाची जी रायफल, ती केवळ कारखान्याचा माल म्हणून उपेक्षिली गेली. वास्तविक या हत्यारावर जितके शिक्के व आंकडे असतात तितके एखाद्या सनदेवरही क्वचितच आढळतील.

उदाहरणार्थ ली-एन्फील्ड घेऊं. हिच्या बोल्टाची रचना जेम्स पॅरिस ली याची. हा जन्मानें स्कॉटलंडचा. पुढें कॅनडांतून अमेरिकेंत गेला. १८८८ सालीं ब्रिटिश सैन्यानें त्याच्या यंत्राला मेटफर्डच्या नळीची जोड दिली. त्या नळींतील सात उथळ खाचा काळ्या दारूस मानवणाऱ्या होत्या. पुढें कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू आली, तिच्या उष्णतेनें त्या खाचा लवकर झिजूं लागल्या, आणि म्हणून १८९५ सालीं पांच खोल खाचांची एन्फील्ड नळी आली. बोअर मात्र ०.३०३ इंच हेंच राहिलें. १९०३ च्या सुमारास आंखूड नमुना निघाला व १९०७ सालीं त्याची तिसरी आवृत्ति मंजूर झाली. पहिल्या महायुद्धांत हिंदी व ब्रिटिश पलटणींच्या खांद्यावर मुख्यतः हीच होती.

आतां अक्षरांकडे वळूं. दस्ता जेथें लोखंडांत बसतो तेथें उजव्या अंगास मुकुट, त्याखालीं राजाच्या नांवाचीं आद्याक्षरें, मग कारखान्याचें नांव, साल व नमुना असा क्रम असतो. व्हिक्टोरियाचीं 'व्ही. आर.', सातव्या एडवर्डचीं 'ई. आर.', पांचव्या जॉर्जचीं 'जी. आर.'. ही झाली मुद्रा. तपासनिसांचे बारीक ठसे व नळी डागून पारखल्याची खूण यांस आपल्या दप्तरांतील 'सुरू सूद' आणि 'बार' या शेऱ्यांच्या जागीं समजावें. (येथें 'बार' शब्द दोन्ही अर्थांनीं लागू पडतो, हा योगायोग.) रुंद बाण ही सरकारी मालकीची निशाणी, बाणाखालीं 'आय' हें अक्षर असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. दोन बाण टोंकाला टोंक भिडवून ठोकलेले असतील तर सरकारनें ती बंदूक विकून टाकली असें समजावें.

तोतयांचा प्रश्न येथेंच उद्भवतो. पेशावर व कोहाट यांच्यामधील दर्रा आदमखेल येथें पठाण कारागिरांनीं साध्या हत्यारांनीं इंग्रजी रायफलींच्या नकला केल्या, आणि बंदुकीबरोबर तिचे शिक्केही उतरवून घेतले. परंतु उतरविणारास ती लिपि वाचतां येत नव्हती. त्यामुळें एन्फील्ड या शब्दांतील 'एन्' उलटा पडलेला असतो, किंवा अक्षरेंच गळालेलीं असतात. याहून बोलका पुरावा सालाचा. महाराणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्यें निवर्तली. तथापि तिच्या आद्याक्षरांखालीं १९१० नंतरचें साल कोरलेल्या बंदुका मिळतात. मयत राजाच्या शिक्क्यानें काढलेली सनद जशी एका दृष्टिक्षेपांत फसवी ठरते, तशीच ही गोष्ट. अशा नकलांची नळी व बोल्ट यांचें पोलाद भरंवशाचें नसतें, म्हणून त्यांतून बार काढणें जिवावर बेतूं शकतें. परंतु सरहद्दीच्या इतिहासाचें साधन म्हणून त्यांचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. ती नक्कल आहे हें लिहून ठेवावें म्हणजे झालें.

कलकत्त्याजवळील ईशापूरच्या कारखान्याची रायफल आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. तिच्यावर 'जी. आर. आय.' अशीं तीन अक्षरें असतात. शेवटच्या अक्षराचा अर्थ सम्राट्. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला व अशोकस्तंभाचे सिंह आले, पण नमुना तोच चालला. इंग्लंडनें दुसऱ्या महायुद्धांत चौथ्या क्रमांकाची नवी रायफल घेतली, तरी ईशापुरानें जुनी सोडली नाहीं; उलट १९६२ च्या चीन-युद्धानंतर तिच्याच धाटणीवर अधिक कणखर पोलादाची ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली. लाकडाच्या पुढल्या भागांत आडवा बसविलेला बळकटीचा स्क्रू दिसला कीं ती बंदूक ईशापुराच्या हाताखालून गेली असें बहुधा समजावें.

याच कारखान्यांत पोलीस व पहारेकरी यांजसाठीं कांहीं रायफलींचें ०.४१० इंच बोअरच्या बिनखाचांच्या बंदुकींत रूपांतर झालें. काडतुसांची पेटी बसण्याची जागा लाकडी ठोकळ्यानें बुजविली, म्हणजे एका वेळीं एकच काडतूस भरावें. सैन्याचें काडतूस तिला चालत नसे व तिचें सैन्यास उपयोगी नसे. राज्यकर्त्यांचा आपल्याच शिपायांवर विश्वास किती होता, हें तो ठोकळा एखाद्या खलित्याहून स्पष्ट सांगतो. ज्या संग्राहकांनीं 'मूळ रूप' देण्याच्या हौसेनें असे ठोकळे काढून टाकले, त्यांनीं अस्सल कागदावरील शेराच खरवडला.

महाराष्ट्राचा संबंध काडतुसांपुरता आहे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. तेथील काडतुसाच्या बुडावर 'के' व 'एफ' हीं अक्षरें आढळतात. रिकामें पितळी टरफलही म्हणून फेंकून देऊं नये.

आतां मुख्य वादाचा मुद्दा. नळी, बोल्ट, मागील नेमाची पट्टी व तोंडाकडील टोपण यांवर एकच क्रमांक जुळला तर विलायती बाजारांत किंमत चढते. या लोभानें जुने आंकडे घांसून नवे ठोकणारे निपजले आहेत. परंतु आंकडे न जुळणें म्हणजे खोटेपणा नव्हे. लष्करी दुरुस्तींत भाग बदलत, जुन्या आंकड्यावर रेघ ओढून शेजारीं नवा ठोकीत, 'एफ. टी. आर.' हीं अक्षरें संपूर्ण दुरुस्ती झाल्याची ग्वाही देतात. रेघ मारून केलेली दुरुस्ती प्रामाणिक लेखकाची; खरवडून केलेली कपट्याची. आमच्या मतें दोनदां दुरुस्त झालेली, डागाळलेली रायफल ही पॉलिश करून चकचकीत केलेल्या रायफलीहून शतपट मोलाची. पॉलिशच्या चाकाखालीं तपासनिसाचा ठसा एकदां गेला कीं तो कोणत्याही उपायानें परत येत नाहीं.

भारतांत १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वयें परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नाहीं; प्राचीन वा कालबाह्य हत्यारास सूट आहे ती, दुरुस्ती करूनही तें डागतां येणें शक्य नसेल तरच. ०.३०३ तर लष्करी बोअर म्हणून निषिद्ध वर्गांत मोडतें. तेव्हां आपल्याकडील अभ्यासकानें बंदूक जमविण्यापेक्षां तिच्यावरील लेख जमवावे. संग्रहालयांतून परवानगीनें तिरप्या उजेडांत छायाचित्र घ्यावें, अंधुक अक्षरांवर खडूची पूड हलकेच फिरवावी, पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें ठसा उतरावा, आणि तो बंदुकीच्या कोणत्या भागावरील, कोणत्या अंगाचा, हें त्याच कागदाच्या कडेस तेथल्या तेथें लिहावें. मागाहून स्मरणानें लिहूं नये.