घरची शाळा (भाग १४) : बनगरवाडी कुठे आहे?

या वेळी फॉर्मचं लिहीन असं कबूल केलं होतं. मुक्त विद्यालयाचा दहावीचा फॉर्म, कागदपत्रं, विषयांची निवड. टिपणंसुद्धा काढून ठेवली होती. पण मंगळवारी इस्लामपूरहून एका निवृत्त मराठी शिक्षिकेचं पत्र आलं आणि फॉर्म राहिला बाजूला. बाईंनी लिहिलंय, की गणित-विज्ञान घरी होईल हे एक वेळ मान्य, पण पंधरा वर्षांच्या एकट्या पोराला समोर बसवून कादंबरी कशी शिकवता? आणि तुमच्या गुरुवारच्या वर्गात साहित्य आणि भूगोल एकाच दिवशी, एकाच माणसाकडे, हा काय प्रकार? शिक्षक कमी पडले म्हणून?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, शिक्षक कमी पडले म्हणून.

सात घरं आणि अकरा मुलं जमली तेव्हा विषय वाटायला बसलो. सातांत तीन बाप इंजिनिअर, त्यामुळे गणितावर जवळजवळ भांडण. रसायनशास्त्र एका आईनं उचललं. इंग्रजी दोघींनी मिळून. साहित्याचं नाव निघालं तर एकजण म्हणाले, "त्यात शिकवायचं काय? मुलं वाचतातच की." भूगोलाचं नाव निघालं तर कोणी काही बोललंच नाही. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात आरेखक होतो, म्हणजे नकाशे माझ्या हाताखालून जायचे, म्हणून भूगोल माझ्याकडे आला. साहित्य माझ्याकडे आलं ते मी नको म्हणालो नाही म्हणून. बाकीच्या नियमांची उजळणी करत नाही, पण एक इथे लागेल : आपल्या पोराला आपण शिकवायचं नाही. माझी मुलगी या वर्गात होती, म्हणून नियम पहिल्याच दिवशी मोडला. तिनं अट घातली, वर्गात मला 'बाबा' म्हणणार नाही, 'काका' म्हणेन. दीड वर्ष म्हणाली.

(अमेरिकेत अशा वर्गांना 'को-ऑप' म्हणतात हे मागे सांगितलंय. आमच्याकडे एकानं 'सहकारी वर्ग' असं नाव सुचवलं. दुसऱ्यानं लगेच विचारलं, चेअरमन कोण आणि निवडणूक कधी? तेव्हापासून 'गुरुवारचा वर्ग' हेच नाव.)

आता बाईंचा मूळ प्रश्न. एकट्या मुलाला कादंबरी शिकवता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. घरी शिकणाऱ्या मुलांची तीच खरी अडचण आहे. गणितातली चूक पाठीमागचं उत्तर बघून कळते. कादंबरी वाचताना आपण एखाद्या माणसावर अन्याय केला, हे दुसरा कोणी त्या माणसाची बाजू घेऊन भांडल्याशिवाय कळत नाही. आईबापांशी ते भांडण होत नाही. एकतर मूल ऐकून घेतं, नाहीतर उठून जातं. त्याला बरोबरीची पोरं लागतात, तीही वेगळ्या घरातली.

पहिली कादंबरी मी 'बनगरवाडी' घेतली. लहान आहे, भाषा स्वच्छ आहे, आणि १९५५ सालची असूनही कुठे शिळी वाटत नाही, एवढाच विचार. ती शाळामास्तरची गोष्ट आहे, हे पुस्तक वाटून झाल्यावर लक्षात आलं. शाळेत न जाणारी अकरा पोरं, आणि वाचायला काय, तर पोरं मेंढरांमागे गेल्यामुळे ओस पडलेली शाळा भरवायला आलेल्या तरुण मास्तरची कहाणी!

तिसऱ्या गुरुवारी एका चौदा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "ती मुलं घरीच शिकत होती ना? मेंढरं ओळखणं, पाणी शोधणं. मग मास्तर त्यांना अडाणी का समजतो? ती आपल्यासारखीच आहेत." तीन-चार जणांनी माना डोलावल्या. एक मुलगा म्हणाला, "हिशेब येत नसेल तर व्यापारी फसवणार, त्याचं काय?" वाद रंगला. मी खूश.

आमच्यात एक मावशी आहेत, मूळच्या जतकडच्या. त्यांचा मुलगा वर्गात होता आणि चहाची पाळी त्यांची होती. ट्रे हातात घेऊन त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला शाळा नको म्हणायला परवडतं म्हणून तुम्ही घरी आहात. त्या पोरांना शाळा परवडत नव्हती म्हणून ती रानात होती. माझी आई अशीच रानात होती. ती तुमच्यासारखी नव्हती." ट्रे ठेवला आणि आत गेल्या.

कोणी चहा घेतला नाही. माझ्याकडेही बोलण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या गुरुवारी त्या चौदा वर्षांच्या मुलीनं तीन पानं लिहून आणली आणि आधी मावशींना वाचायला दिली. त्यांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या, बाकी काही बोलल्या नाहीत. बाई, कादंबरी कशी शिकवता याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

भूगोल त्यात घुसला तो या वादाच्या शेपटाला धरून. मावशींच्या मुलानं विचारलं, "पण बनगरवाडी आहे कुठे?" मी म्हणालो, माणदेशात. म्हणे, माणदेश कुठे? नकाशावर दाखवा. आणि मला दाखवता येईना! माणदेश हा तालुका नाही, जिल्हा नाही. माणगंगेच्या काठाकाठानं सातारा, सांगली, सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत तो सांडलाय. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला आणि पुढे पंढरपूरजवळ ही नदी भीमेला मिळते. भिंतीवरच्या राजकीय नकाशात त्याला रंगच नाही.

मग सर्वेक्षण विभागाची शीट काढायचं ठरलं. माझ्या आवडीचा विषय आला आहे, तेव्हा जरा थांबतो. घाई असलेल्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. आपल्याकडच्या शीटचे जुने क्रमांक भारी शिस्तीचे आहेत. चार अंश गुणिले चार अंशांचा एक मोठा चौकोन, त्याला आकडा. महाराष्ट्राचा बराचसा पश्चिम भाग ४७ मध्ये येतो. त्याचे सोळा तुकडे, ए ते पी. प्रत्येक तुकड्याचे पुन्हा सोळा, १ ते १६. असा शेवटचा तुकडा पंधरा मिनिटांचा, १:५०,००० प्रमाणाचा, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. पुणे शहर ४७ एफ/१४ मध्ये. आटपाडीचे अक्षांश-रेखांश मुलांना दिले, साधारण १७ अंश २५ मिनिटं उत्तर आणि ७४ अंश ५७ मिनिटं पूर्व, आणि म्हटलं, क्रमांक तुम्ही काढा. वीस मिनिटांत उत्तर आलं : ४७ के/१५. मी शीट मागवली. आली, टेबलावर पसरली, आणि आटपाडी निघाली पूर्वेच्या कडेला! तिथून वीतभराच्या आत कागद संपतो आणि पुढचा मुलूख ४७ ओ/३ वर. आपल्याला हवं ते गाव नेहमी शीटच्या कडेला असतं, हा माझा नोकरीतला पस्तीस वर्षांचा अनुभव. मुलांना तो पहिल्याच शीटला आला. दुसरी शीट मागवली, दोन्ही सेलोटेपनं जोडल्या, आणि पुढचे दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण झालं नाही.

शोधाचं काय झालं? बनगरवाडी हे नाव लेखकानं घेतलेलं. मूळ गाव आटपाडी तालुक्यातलं लेंगरेवाडी, हे त्या भागात कोणीही सांगतं. मावशींनी एका फोनवर शोध संपवला. मुलांना ते आवडलं नाही, त्यांना स्वतः काढायचं होतं. पण तोवर पुस्तकातल्या बाकीच्या गोष्टी नकाशावर ठेवायची चटक लागली होती. कादंबरीत तालमीच्या उद्घाटनाला पंतसरकार येतात. हे सरकार कुठले? औंधचे. मग औंध कुठे आणि आटपाडी कुठे, मध्ये केवढा मुलूख, आणि तरी एकच संस्थान कसं? इतिहासाचा तास कोणी मागितला नव्हता, तो झाला. त्यातून आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत निघाली. तिच्यावरून 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट सुचला, आणि तो लिहिणारे ग. दि. माडगूळकर म्हणजे आपल्या लेखकाचे थोरले भाऊ. एक गुरुवार चित्रपटात गेला. गणितवाल्या बापांनी तक्रार केली.

पण खरा भूगोल आणखी पुढे होता. मुलांनी पावसाचे आकडे लावले. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि तिथून सरळ रेषेत जेमतेम दीडशे किलोमीटरवर आटपाडीकडे पाचशेच्या आसपास. पर्जन्यछायेचा प्रदेश, पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतो. निष्कर्षही तयार होता : बिचारी माणसं, किती वाईट जागी राहतात. मीसुद्धा तेच शिकवून मोकळा झालो असतो.

दिवाळीनंतर पुण्याभोवतीच्या रिकाम्या शेतांत मेंढरांचे वाडे पडतात. उरुळीच्या बाजूला एक वाडा दिसला म्हणून आम्ही पाच मुलं आणि दोन मोठी माणसं गेलो. म्हातारेबाबा फलटणकडचे. मुलांनी शीट जमिनीवर पसरून विचारलं, बाबा, तुम्ही कुठल्या रस्त्यानं येता? त्यांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. रस्ता सांगितला तो माणसांच्या नावांनी. अमक्याच्या रानात दोन रात्री बसवतो, मग तमक्याच्या, मग विहिरीवाल्या तात्यांच्या. मेंढरं शेतात रात्री बसवायची, लेंडीचं खत पडतं, शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. त्यांच्या वाटेवर गावं नव्हती, शेतमालक होते. एक मुलगी ती नावं शीटवर पेन्सिलीनं लिहायला लागली आणि तिला जागा पुरेना.

मग मावशींच्या मुलानं विचारलं, "पावसाळ्यात इकडेच का राहत नाही? इकडे गवत जास्त." बाबा हसले. म्हणाले, मेंढरू ओलीत उभं राहत नाही, खूर कुजतात. पाऊस आला की आपल्या कोरड्या मुलखात जायचं. तिथं थोडा पडतो, तेवढ्यानं बारीक गवत येतं, मेंढराला तेच मानवतं.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फार बोललं नाही. कात्रजच्या जवळ माझी मुलगी म्हणाली, "काका, म्हणजे तिथं पाऊस कमी आहे म्हणूनच तर तिथं बनगरवाडी आहे." एवढं एक वाक्य. ते ना माझ्या भूगोलाच्या पुस्तकात होतं, ना मला कादंबरीत दिसलं होतं, आणि कादंबरी मी सात-आठ वेळा तरी वाचली असेल. त्यानंतर शेवटचा दुष्काळाचा भाग मुलांनी पुन्हा वाचला. कोरडा मुलूख म्हणजे दुष्काळ नव्हे, त्या मुलखाला लागतो तेवढाही पाऊस चुकला की दुष्काळ, हे त्यांना आता सांगावं लागलं नाही. गाव का उठलं, हे आधी त्यांना गोष्टीचा शेवट वाटला होता. आता ते हिशेब मांडत होते, की आधी काय संपेल, पाणी, चारा की धान्य.

आज हीच शीट नव्यानं काढली तर वेगळी दिसेल. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं पूर्वेकडे नेलंय, ते आटपाडीपर्यंत पोहोचलं. कृष्णा निघते महाबळेश्वरात. म्हणजे ज्या पावसाला डोंगर ओलांडून जाता येईना, तो आता पंपाच्या जोरावर माणदेशात जातो आणि डाळिंबाला मिळतो. मी त्या खात्यातला माणूस, मला याचा अभिमान वाटतो हे लपवत नाही. वर्गात ते जरा रंगवूनच सांगितलं. मावशींच्या मुलानं विचारलं, "मग मेंढरं कुठे चरतात?" त्याचं उत्तर शोधायला आम्ही आटपाडीला जायचं ठरवलं होतं. दोनदा बेत ठरला, दोनदा मोडला. एकदा गाडीमुळे, एकदा रसायनशास्त्राच्या परीक्षेमुळे. राहून गेलं ते गेलंच.

विलायतेतली एक गोष्ट बाईंना सांगितली पाहिजे, म्हणजे हा प्रकार केवळ आमच्या गरजेतून आलेला नाही असं वाटेल. शार्लट मेसन या इंग्रज बाईंना जगभरच्या घरशाळावाल्यांत मोठा मान. त्यांची 'वाचून झालं की पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांग' ही रीत आम्हीही वापरतो. घरच्या शिक्षणावरचं त्यांचं पुस्तक १८८६ चं. पण त्याच्या सहा वर्षं आधी त्यांनी लिहिलं ते इंग्लंडच्या चाळीस परगण्यांचा इतिहास, निसर्ग, कारागिरी आणि दंतकथा सांगणारं भूगोलाचं पुस्तक. दंतकथांसकट! हे मला कळलं तेव्हा आमचा वर्ग सुरू होऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे श्रेय घेता येत नाही.

फॉर्मचं अगदीच काही लिहिलं नाही असं नको म्हणून दोन ओळी. मुक्त विद्यालयाच्या दहावीला किमान वय चौदा, पाच विषय, त्यात निदान एक भाषा. एकदा नोंदणी झाली की पाच वर्षं आणि नऊ प्रयत्न. भूगोल दहावीला वेगळा विषय नाही, तो सामाजिक शास्त्राच्या पोटात. स्वतंत्र मिळतो तो बारावीला. ज्यांना आत्ताच फॉर्म भरायचा आहे त्यांनी तोवर मुलाच्या जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते पाहून ठेवावं. आमच्या अकरांत चौघांचं जुळत नव्हतं. त्यात एक माझीच.