किट लेन्सचा फोटो ‘फाटतो’, तेव्हा दोष कुणाचा असतो?

नाशिकमध्ये नवा कॅमेरा घेतलेल्या कुणालाही पहिल्या महिन्याभरात हा सल्ला मिळतोच: ‘बॉडी चांगली आहे, पण ती किट लेन्स आधी काढून टाक. तिला शार्पनेसच नाही.’ 2027 चा सिंहस्थ जवळ येतोय, घाटावरचे आणि आखाड्यांचे फोटो काढायचे म्हणून कितीतरी मुलं कॅमेरे घेताहेत, त्यामुळे हल्ली हे वाक्य जिकडेतिकडे कानावर पडतं. ते खरं मानून घरच्यांकडे आणखी चाळीस-पन्नास हजार मागणारी मुलं दिसली की राग येतो. कारण ज्या फोटोवरून लेन्सला नापास केलेलं असतं, त्यात दोष बहुतेक वेळा लेन्सचा नसतोच.

किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्याबरोबर खोक्यात येणारी, साधारण 18-55 मिलिमीटरची झूम. तिची बदनामी अगदीच बिनबुडाची नव्हती. 2003 मध्ये कॅननने 300डी हा सामान्यांच्या आवाक्यातला डिजिटल एसएलआर आणला. त्याच्यासोबतची 18-55 खरोखरच बेताची होती: कोपरे मऊ, आणि हात हलला तर सावरणारी स्टॅबिलायझेशनची सोयही नाही. पण 2007 मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनीही स्टॅबिलायझेशन असलेल्या नव्या 18-55 बाजारात आणल्या. कॅननची नवी लेन्स जुनीपेक्षा स्पष्टपणे उजवी आहे, असं तेव्हाच्या परीक्षणांनी मोजून दाखवलं होतं. पुढेही सुधारणा होत राहिल्या. तरी 2003 च्या लेन्सवरचा शेरा आज विकल्या जाणाऱ्या लेन्सच्या माथी मारला जातो. वीस वर्षांत काच बदलली, मोटर बदलली, सेन्सर बदलला, शेरा मात्र तोच.

आता ‘झूम केलं की फाटतो’ या पुराव्याकडे बघू. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 पिक्सेल रुंद असतो. घरातला 24 इंची फुल एचडी मॉनिटर 1920 पिक्सेल दाखवतो आणि सुमारे 53 सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे तुम्ही शंभर टक्क्यांवर झूम करता, तेव्हा साडेपाच फूट रुंद फोटोचा एक तुकडा दोन फुटांवरून न्याहाळत असता. इतका मोठा फोटो घरात कोण लावतं? 8 बाय 12 इंचाच्या उत्तम प्रिंटला 3600 बाय 2400 पिक्सेल, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेलही लागत नाहीत. 4के टीव्हीला 8 मेगापिक्सेलच्या थोडं वर लागतात. मोबाइलवर पाठवलेला फोटो तर त्याहून लहान होऊन पोचतो. म्हणून लेन्स पुरेशी शार्प आहे का, हे ठरवण्याआधी फोटो किती मोठा बघणार आहात ते ठरवा. हे न विचारता दिलेला निकाल मला मान्य नाही.

तरीही फोटो छोट्या आकारातही मऊ दिसत असेल, तर तो नीट वाचा. मऊपणाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीचा फोटो घ्या: 55 मिलिमीटर, एफ/5.6, 1/15 सेकंद, आयएसओ 3200. पलीकडच्या काठावरच्या विजेच्या दिव्यांचे ठिपके बघा. प्रत्येक ठिपका एकाच दिशेने तिरका ओढला गेला असेल, तर तुमचा हात हलला आहे. दिवे आणि पायऱ्या नीट आहेत, पण आरती ओवाळणारे हात पुसट आहेत, तर शटर संथ होतं. इथे स्टॅबिलायझेशन काही करू शकत नाही. ते तुमचा हात सावरतं, समोरच्याचा नाही. पुजाऱ्यांचा चेहरा मऊ पण त्यांच्या मागच्या खांबाचा दगड खणखणीत, तर फोकस चेहऱ्याऐवजी खांबावर बसला. आणि सगळंच एकसारखं मऊ, केसांच्या बटा मेणासारख्या चिकटलेल्या, तर जास्त आयएसओचे दाणे पुसताना कॅमेऱ्याने बारकावेही पुसले आहेत. या चार खुणांत लेन्स कुठेही नाही. पन्नास हजारांची झूम लावून तोच फोटो 1/15 ला काढलात, तर ठिपके तेवढेच तिरके येतील.

स्थिर वस्तूसाठी जुना नियम अजून उपयोगी आहे: फोकल लेंग्थला सेन्सरच्या गुणकाने (क्रॉप फॅक्टरने) गुणा आणि शटर त्याहून जलद ठेवा. 55 ला दीडने गुणलं की 82 येतात, म्हणजे किमान 1/100. स्टॅबिलायझेशन असेल तर याहून संथ शटर चालतं, पण समोरची वस्तू जागची हलत नसेल तरच.

लेन्सची खरी परीक्षा घरीच घेता येते. छोट्या जाहिरातींची वर्तमानपत्राची पानं उजेडातल्या सपाट भिंतीवर चिकटवा: एक मधोमध, चार कोपऱ्यांना. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीशी अगदी समांतर. आयएसओ 100, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. फोकस स्क्रीनवर दृश्य मोठं करून हाताने लावा. मग 55 वर एफ/5.6, 8, 11, 16 आणि शेवटी 22 असे फोटो काढा, 35 वरही तसेच. बघायचं काय? अनुस्वार. मधल्या पानावरचा अनुस्वार सुटा ठिपका दिसतो का, आणि कोपऱ्यातल्या पानावर तोच अक्षराच्या शिरोरेघेला चिकटून डाग झाला आहे का. वेलांटीचं टोक आणि ‘ष’ची तिरकी रेघ हीसुद्धा कडक परीक्षा घेतात. 18 साठी इतक्या जवळची भिंत नको. सकाळी लवकर गच्चीवर जा आणि दूरच्या इमारतीच्या खिडक्यांचे गज फ्रेमच्या मध्यावर आणि कोपऱ्यांत ठेवून बघा. उन्हं चढल्यावर हवा थरथरते, तेव्हा ही चाचणी करू नका.

बहुतेक ठीकठाक किट लेन्समध्ये हे दिसेल: मध्यभाग एफ/5.6 लाच चांगला, एफ/8 ला कोपरेही सावरलेले. 18 वर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला कोपरे मऊ आणि गजांच्या कडांना हिरवी-जांभळी किनार. हा तिचा खरा कमकुवतपणा आहे, तो नाकारायचं कारण नाही. एफ/16 पासून सगळीच फ्रेम पुन्हा मऊ होऊ लागते. ‘जितका मोठा आकडा तितका फोटो शार्प’ असं मानून धबधब्यापासून देवळापर्यंत सगळं एफ/22 ला काढणाऱ्यांनी हे फोटो शेजारी-शेजारी ठेवून बघावेत. छोट्या छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. हिरव्या प्रकाशाचा बिंदू एफ/8 ला सुमारे 11 मायक्रॉनचा होतो, एफ/22 ला जवळपास 30 मायक्रॉनचा. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल चार मायक्रॉनहूनही लहान आहे. हे प्रकाशाचं भौतिकशास्त्र आहे. लाखाची लेन्सही त्यातून सुटत नाही.

मग किट लेन्स बदलायची कधी? शार्पनेसपेक्षा दोन वेगळ्या कारणांसाठी. पहिलं कारण प्रकाश. 50 मिलिमीटरची एफ/1.8 लेन्स 55 वरच्या एफ/5.6 पेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. आरतीच्या त्याच फोटोला 1/15 ऐवजी 1/150 मिळतो आणि ओवाळणारे हात बऱ्यापैकी थांबतात. घाटावर संध्याकाळी काम करायचं असेल, तर ही छोटी लेन्स महागड्या झूमच्या कितीतरी आधी घ्यावी.

दुसरं कारण अंतर. नांदूर मध्यमेश्वरला गेलेला प्रत्येक नवा फोटोग्राफर ‘पक्षी शार्प येत नाही’ म्हणून परततो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा जलाशय 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरला. पक्षी तिथे भरपूर, पण लांब. सुमारे एक मीटर उंचीचा चित्रबलाक शंभर मीटरवर उभा असेल, तर 55 मिलिमीटरला तो 4000 पिक्सेल उंचीच्या फ्रेममध्ये जेमतेम 140 पिक्सेलचा येतो. तेवढ्यात पिसांचे बारकावे यायचे कुठून? 300 मिलिमीटरला तोच पक्षी साडेसातशे पिक्सेलच्या पुढे जातो. तिथे लेन्स मऊ नव्हती, तोकडी होती. आणि दुपारी पाण्यावरची तापलेली हवा थरथरत असताना 600 मिलिमीटरही हात टेकते. सकाळी सातला जा.

बाकीचे समज थोडक्यात. मेगापिक्सेल वाढले की फोटो आपोआप शार्प होत नाही, हललेला हात फक्त जास्त ठळक दिसतो. मोबाइलचा फोटो शार्प दिसतो, कारण त्याच्या कडा सॉफ्टवेअरने गडद केलेल्या असतात. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये हे काम तुम्ही करायचं असतं. लेन्सची माउंट प्लास्टिकची आहे, याचा काचेच्या गुणवत्तेशी संबंध नाही. स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावून शार्पनेस तपासू नका, तो काढून तपासा. आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरचे, लेन्सचा शार्पनेस दाखवणारे एमटीएफ आलेख पुष्कळदा रचनेवरून गणिताने काढलेले असतात, तुमच्या हातातली लेन्स कुणी त्यासाठी मोजलेली नसते.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एकाच मॉडेलच्या दोन लेन्स तंतोतंत सारख्या निघत नाहीत. अमेरिकेत लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्सचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकेका मॉडेलच्या अनेक प्रती मोजून हे वर्षानुवर्षं दाखवलं आहे, आणि महाग लेन्सही याला अपवाद नाहीत. वर्तमानपत्राच्या चाचणीत फक्त उजव्या बाजूची पानं मऊ आली आणि डाव्या बाजूची स्पष्ट, तर कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा करून पुन्हा फोटो काढा. मऊपणा भिंतीवरच्या त्याच पानांवर राहिला, तर कॅमेरा भिंतीशी समांतर नव्हता. तो आता भिंतीवरच्या डाव्या पानांवर सरकला, तर लेन्समधली एखादी काच तिरकी बसलेली आहे. हा खरा दोष. खरेदीनंतर पहिल्या आठवड्यातच तपासा, दोन्ही फोटो आणि पावती घेऊन दुकानात जा, दुसरी प्रत मागा. दुकानदार ‘किट लेन्स अशीच असते’ म्हणाला, तर वॉरंटीत अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे तेच दोन फोटो द्या.