ताकदीच्या गोळ्या आणि मुलाचा श्वास

पावसाळा लागला की चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघर सर्दी-खोकला शिरतो आणि मेडिकलमध्ये व्हिटॅमिन सी, झिंक, डी-३च्या गोळ्या मागितल्या जातात. कोरोनात लागलेली ही सवय गेलेली नाही. ज्याला मजुरी रोजच्या रोज मिळते, त्याच्या खिशातून हे पैसे जातात, म्हणून याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे.

रोज व्हिटॅमिन सी घेतलं की सर्दी होत नाही, हा सर्वांत पक्का गैरसमज. नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या १९७०च्या पुस्तकाने तो जगभर पसरवला. वस्तुस्थिती वेगळी आहे. अकरा हजारांहून जास्त लोकांवरच्या २९ चाचण्या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात एकत्र तपासल्या गेल्या. सर्वसाधारण लोकांत सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. रोज गोळी घेणाऱ्या प्रौढांची सर्दी सुमारे ८ टक्के लवकर आटोपली, म्हणजे आठवड्याच्या दुखण्यात जेमतेम अर्धा दिवस. सर्दी झाल्यावर गोळी सुरू केली, तर खात्रीचा फायदा दिसला नाही. २०२१ साली अमेरिकेत २१४ कोरोना रुग्णांवर व्हिटॅमिन सी आणि झिंकचे मोठे डोस वापरून पाहिले; दुखणं लवकर सरलं नाही.

‘मग शरीराला व्हिटॅमिन लागतच नाही का?’ लागतं. कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. पण प्रौढाची व्हिटॅमिन सीची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम, आणि शंभर ग्रॅम आवळ्यात ते अडीचशेच्या आसपास असतं. आपल्या जंगलात आवळा आहे, परसात पेरू आणि शेवगा आहे. पाचशे मिलिग्रॅमच्या गोळीतलं जास्तीचं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. हाडकुळ्या मुलाला टॉनिकच्या बाटलीपेक्षा डाळ, तेल आणि अंडं हवं.

व्हिटॅमिन ए मात्र वेगळं. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारा सरकारी डोस चुकवू नका. त्याने सर्दी टळत नाही, पण डोळे राखले जातात आणि गोवर झालाच तर तो कमी घातक ठरतो. स्वतःच्या मनाने जादा मात्र देऊ नका. ते शरीरात साठतं आणि बाधतं.

सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांना मिळणारी फोलिक ॲसिडची गोळी रक्तपेशी तयार होण्यासाठी असते, जंतूंपासून बचावासाठी नाही. या मुलांची प्लीहा नीट काम करत नाही. त्यांना लस वेळेवर हवी, आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना.

श्वसनाच्या आजारात मूल वाचवतं काय, याचा पुरावा गडचिरोलीतच तयार झाला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ५८ गावांत आरोग्यसेवक, दाई यांना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. आकडे न येणाऱ्या दाईसाठी साधन केलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. मग लगेच प्रतिजैविक औषध. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातले १९९०चे आकडे असे: शेजारच्या ४४ गावांत न्यूमोनियाने हजार मुलांमागे १७.५ मृत्यू, या गावांत ८.१.

साध्या विषाणूच्या सर्दीला प्रतिजैविक लागत नाही. पण सर्दीमागून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तिथे उशीर जीव घेतो.

म्हणून मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका. आशाताईला उठवा आणि मुलाला आरोग्य केंद्रात न्या.