मालदांडीला हरवील कोण?

मराठी माणसाने इंग्रजीकडून पुष्कळ शब्द उसने घेतले. पण 'हायब्रीड' ह्या शब्दाची त्याने जी गत केली, ती दुसऱ्या कुठल्या शब्दाची क्वचितच केली असेल. बेचव टोमॅटो हायब्रीड, वास नसलेला गुलाब हायब्रीड आणि दोन जिने चढून धापा टाकणारा शेजारचा तरुणही हायब्रीडच! आजोबा मंडळी तर हल्लीची सगळी पिढीच ह्या एका शब्दात निकालात काढतात. शास्त्रज्ञांना विचाराल, तर हायब्रीड म्हणजे दोन भिन्न वाणांच्या संकरातून जन्मलेले, दोघांहूनही जोमदार पीक. मग प्रयोगशाळेतून जोमदार म्हणून निघालेला शब्द आपल्या घरात येईपर्यंत पोकळ कसा झाला? माझे उत्तर असे, की तो वाटेत तव्यावर पडला. ज्वारीची भाकरी करणाऱ्या बाईने त्याची परीक्षा घेतली आणि त्याला नापास केले!

मी मूळचा सोलापूरचा. आमच्याकडे ज्वारी असे कोणी म्हणत नाही. 'मालदांडी आहे का?' असेच विचारतात. पुण्यामुंबईच्या वाण्याकडेही मोत्यासारखी गोल, पांढरी, चमकदार ज्वारी ह्याच नावाने विकली जाते. मालदांडी हे नुसते गावठी नाव आहे अशी पुष्कळांची समजूत असते. पण आपण खातो त्या मालदांडीचे पूर्ण नाव आहे 'मालदांडी ३५-१', आणि त्या आकड्यामागे संशोधनाची एक जुनी आणि फार सुंदर हकिकत आहे.

एका कणसाची वंशावळ

सोलापूर जिल्ह्यात मोहोळ येथे ज्वारीचे संशोधन केंद्र आहे. १९३० नंतरच्या दशकात तिथल्या संशोधकांनी हा वाण निवडला. त्यांनी संकर वगैरे काही केला नाही. शेतकऱ्यांच्या रानातली मालदांडी म्हणजे एकाच आडनावाची, पण निरनिराळ्या स्वभावाची माणसे. कुठले ताट उंच, कुठले ठेंगणे. कुठले कणीस भरदार, कुठले विरळ. निवड पद्धतीत अशी चांगली कणसे वेगळी काढतात, प्रत्येक कणसाचे दाणे स्वतंत्र ओळीत पेरतात आणि त्या ओळींची तुलना करतात. वर्षानुवर्षे हेच चालते. नापास ओळी गळत जातात आणि शेवटी एक घराणे उरते. मालदांडी ३५-१ हे असे उरलेले घराणे.

ह्या घराण्याचे गुण ऐकण्यासारखे आहेत. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतोच. पावसाळ्यात काळ्या जमिनीने पोटात साठवलेल्या ओलीवर पिकाने फेब्रुवारीपर्यंत दिवस काढायचे असतात. मालदांडी ते काढते. कोवळेपणी तिच्यावर खोडमाशी येते. पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते आणि अळी आत शिरून पोंगा मारते. मालदांडीची कोवळी पाने चकचकीत आणि बारीक लव असलेली असतात, त्यामुळे ह्या माशीला ती फारशी मानवत नाहीत. शिवाय ताट उंच, म्हणून कडबाही भरपूर. आपण शहरातले लोक फक्त दाण्याचा भाव विचारतो. शेतकऱ्याच्या घरात मात्र अर्धे पीक माणसांचे आणि अर्धे जनावरांचे असते.

नवी सून आली

आता दुसरी बाजू. ज्वारीच्या एकाच फुलात स्त्री आणि पुरुष दोन्ही भाग असतात, आणि ती बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. मग हिचा दुसऱ्या वाणाशी संकर करावा कसा? एका कणसात शेकडो बारीक फुले. प्रत्येक फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे म्हटले, तर एक एकर पेरण्यापुरते बी तयार करताना जन्म जायचा. ह्या कुलपाची किल्ली अमेरिकेत सापडली. टेक्सासमधील स्टीफन्स आणि हॉलंड ह्या शास्त्रज्ञांनी १९५४ साली दाखवून दिले, की 'मायलो' जातीची ज्वारी आई आणि 'काफिर' जातीची बाप धरून वंश पुढे नेला, तर अशी झाडे मिळतात की ज्यांच्यात पराग तयारच होत नाही. म्हणजे झाड केवळ मादी! शेजारी हव्या त्या वाणाच्या ओळी लावाव्या, वारा पराग नेईल आणि संकराचे बी पोत्यांनी निघेल.

दहा वर्षांत ही किल्ली भारतात फिरली. १९६४ साली 'सी. एस. एच.-१' हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. ह्या कामातले मोठे नाव डॉ. एन. जी. पी. राव यांचे. त्या वर्षांत देश परदेशी धान्याच्या बोटींकडे डोळे लावून बसला होता. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक ह्यांनी संकरित ज्वारीचा प्रसार मोठ्या हिरिरीने केला. सुमारे शंभर दिवसांत येणारी, खताला भरघोस दाद देणारी, ठेंगणी आणि भरल्या कणसाची ही ज्वारी नीट निगा राखली तर गावठी ज्वारीच्या दुप्पट-तिप्पट उतरत असे. धान्याची कोठारे भरायला तिने हात दिला, ही गोष्ट तिचे विनोद करणाऱ्यांनीही विसरू नये.

पण ह्या सुनेचे एक चुकले. जुनी खरीप ज्वारी पंचांग पाहून चालणारी होती. पेरणी लवकर होवो की उशिरा, दिवस लहान होऊ लागले म्हणजेच ती फुलोऱ्यावर यायची. दाणा भरेपर्यंत पाऊस आटोपलेला असायचा. नव्या वाणाला हे पंचांग ठाऊक नव्हते. ऐन पावसात त्याचा दाणा पक्व व्हायचा. भिजलेल्या कणसावर बुरशी चढायची आणि दाणा काळा पडायचा. मुळात दाणा पिठूळ. त्यात हा काळेपणा. बाजारात भाव पडला, कडबा कमी म्हणून गोठ्यातही नाराजी. आणि भाकरी? ती थापताना तुटायची, आणि थंड झाली की पापडासारखी व्हायची. 'हायब्रीड' ह्या शब्दाची अब्रू गेली ती इथे.

१९७२ च्या दुष्काळात मी लहान होतो. रेशनवर मिळालेली परदेशची लाल मिलो ज्वारी आणि तिची ती रापलेल्या विटेच्या रंगाची भाकरी मला आजही आठवते. आई म्हणायची, 'पोट भरतं ना? मग बोलू नकोस.' पुढे वाचनात आले, की हीच मायलो आपल्या हायब्रीड ज्वारीची आजी! ज्या जातीला आम्ही ताटात नावे ठेवली, तिच्याच कुशीतला गुण घेऊन संकरित बियाणे तयार होत होते. भुकेच्या दिवसांत वजन मोजणे हेच शहाणपण होते. पण पोट भरले म्हणजे जीभ बोलू लागते, आणि तिचेही खरेच असते.

प्रयोगशाळेत भाकरी

शास्त्रज्ञांनी हे ऐकले, ही त्यांची थोरवी. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या 'इक्रिसॅट' ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेत पुढे भाकरीचाच अभ्यास सुरू झाला. १९८१ साली तिथे ज्वारीच्या दाण्याच्या गुणवत्तेवर जगभरच्या शास्त्रज्ञांची परिषदही भरली. पीठ पाणी किती पिते, मळताना कसे लागते, भाकरी किती मोठी थापता येते, रंग, चव आणि वास कसा, आणि शिळी झाल्यावर किती मऊ राहते, ह्याला गुण देऊ लागले. म्हणजे आपल्या आज्या चिमूटभर पीठ बोटांत चोळून जे सांगत, तेच आता कागदावर आले! आणि तुलनेची फूटपट्टी कोणती? तीच, मोहोळची मालदांडी ३५-१.

ह्यातले मर्म सोपे आहे. गव्हात चिकटपणा देणारे ग्लुटेन असते, ज्वारीत ते नाही. म्हणून आपण आधणाचे पाणी घालतो. उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच कणिक धरून ठेवतो. दाण्याचा बाहेरचा भाग काचेसारखा टणक असतो आणि आतला पिठूळ. ह्या दोन्हींचे प्रमाण जमले, की पीठ धरते आणि भाकरी फुगते. प्रमाण चुकले, की गृहिणीचा हात बदनाम होतो. सासूबाईंनी सुनेला बोलण्यापूर्वी एकदा दाण्याकडे पाहावे!

गुणवत्तेची ही नजर पुढच्या कामात दिसते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, आणि पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. परभणीच्या विद्यापीठाचा परभणी मोती आहे. इतकेच नव्हे, हुरड्यासाठी फुले उत्तरा, नागपंचमीच्या लाह्यांसाठी फुले पंचमी आणि पापडासाठी फुले रोहिणी! लाह्या फुटाव्यात म्हणून वाण शोधणारे शास्त्र शुष्क आहे, असे कोण म्हणेल?

पण रब्बीच्या राज्यात संकरित वाणाला अजून पाय रोवता आलेला नाही. खोडमाशी त्याला खाते, थंडीत दाणे नीट भरत नाहीत, ओल तुटली की 'खडखड्या' रोगाने ताटे आडवी होतात, आणि दाण्याला ती चमक येत नाही. म्हणून सुमारे नव्वद वर्षांची ही म्हातारी आजही फडावर उभी आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

खरा सामना

तरीही मला काळजी वाटते ती तिच्या विजयाचीच. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा आपल्याकडे ज्वारी साठ लाखांहून अधिक हेक्टरांवर होती. आज त्यातला थोडाच हिस्सा उरला आहे. खरिपातल्या तिच्या पुष्कळ जागेवर सोयाबीन बसले. जिथे पाणी आले, तिथे ऊस आला. मालदांडीला हायब्रीडने हरवले नाही. तिला हरवते आहे मजुरी. रब्बीची ज्वारी आजही बहुतेक ठिकाणी हाताने उपटून काढतात. ऐन उन्हात कंबर वाकवून उंच ताटे उपटणे, कणसे खुडणे, पेंढ्या बांधणे ह्या कामाला आता माणूस मिळत नाही. यंत्राला ठेंगणे ताट हवे, गाईला उंच ताट हवे आणि आपल्याला मोत्यासारखा दाणा हवा. ह्या तिघांचे एकमत घडवून आणणे, हे आजच्या संशोधकापुढचे कोडे आहे.

आपल्या वाट्याचे काम त्यामानाने सोपे आहे. आज चांगली मालदांडी गव्हाहून महाग झाली, म्हणून आपण कुरकुरतो. त्या चार रुपयांत खोडमाशीशी आणि कोरड्या रानाशी झुंजणाऱ्या शेतकऱ्याचा वाटा आहे, हे ध्यानात ठेवावे. तो भाव त्याच्या हाती पडला नाही, तर तो पुढच्या वर्षी दुसरे काही पेरील. आणि जे पेरलेच जात नाही, ते कुठल्याही प्रयोगशाळेला फार काळ जिवंत ठेवता येत नाही.

ह्या दिवाळीत आपण फराळाला बसू, तेव्हा सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी नुकती जोर धरत असेल. अजून चार महिने तिला जवळजवळ पाण्यावाचून उभे राहायचे आहे. माघ-फाल्गुनात ती दाणा घेऊन दाराशी येईल. तव्यावरची जागा तेवढी तिच्यासाठी राखून ठेवा!