व्याज तोंडी, अर्ज लेखी

१९९६ साली सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले आणि परवान्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. तो नामंजूर झाला. प्रवर्तक सभासदांमध्ये निरक्षर बायका होत्या. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्या हाती लोकांच्या ठेवी कशा सोपवायच्या, असा सवाल होता. बायका मागे हटल्या नाहीत. त्यांनी अक्षरे शिकायला सुरुवात केली. पाच महिन्यांनी या बायकांना संघटित करणाऱ्या चेतना सिन्हा पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या तेव्हा यांतल्या काही जणी त्यांच्यासोबत होत्या. आम्ही लहान होतो तेव्हा आमच्यासाठी शाळा नव्हती, हा काही आमचा दोष नाही, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. पण हिशेब आम्हाला येतो. हवे ते मुद्दल सांगा, व्याज काढून दाखवतो, आणि तुमच्या माणसांनीही यंत्राला हात न लावता ते काढावे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

ही हकिकत बहुधा हिमतीची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि हिमत तर तिच्यात आहेच. पण प्रौढ शिक्षणाच्या अंगाने तिच्याकडे पाहिले तर तिच्यात एक पुरावा सापडतो आणि त्याचा विचार फारसा होत नाही. ज्या बायकांना आयुष्यभर कोणी शाळेत बसवू शकले नव्हते, त्या काही महिन्यांत अक्षरे गिरवायला बसल्या. त्यांना ना सरकारी मोहिमेने बसवले होते, ना कोणा कार्यकर्त्याच्या आग्रहाने. त्यांना जी संस्था हवी होती तिच्या दारात अक्षर उभे होते. माझे म्हणणे एवढेच आहे की मोठ्या माणसाला निव्वळ वर्ग पुरत नाही. जिथे त्याच्या वाचण्यावर आणि सहीवर खरोखर काही ठरते अशी संस्था त्याला लागते. असा आधार नसला की शिकलेले अक्षर वापराविना पुसट होत जाते.

बायकांचा तोंडी हिशेब कसा चालतो हे नीट पाहण्यासारखे आहे. गावातले व्याज शेकड्यावर आणि महिन्यावर बोलले जाते. शेकडा तीन म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला तीन रुपये, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. पाच हजार रुपये शेकडा तीनने घेतले आणि तीन महिने दहा दिवसांनी फेडले, तर दर महिन्याचे दीडशे, तीन महिन्यांचे साडेचारशे, वरच्या दहा दिवसांचे दीडशेच्या तिसऱ्या हिश्शाने पन्नास, एकूण पाचशे. ज्या बाईने सावकाराचे देणे अनेकदा फेडले आहे तिला यासाठी कागद लागत नाही. बँकेचा कारकून अठरा टक्के म्हणाला की ती मनात शेकडा दीड असे करून घेते. हे गणित शाळेने शिकवलेले नाही म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नाही, आणि म्हसवडच्या बायकांनी नेमक्या याच जोरावर बोलणे केले.

तरी अक्षराची अडवणूक अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही. समजा दहा हजारांचे कर्ज बारा समान हप्त्यांत फेडायचे आहे आणि व्याज शेकडा एक आहे. ते पूर्ण मुद्दलावर वर्षभर लावले तर बाराशे रुपये होतात. दर महिन्याला मुद्दल कमी होईल तसे उरलेल्या रकमेवर लावले तर सुमारे साडेसहाशे. दर एकच, रक्कम जवळपास दुप्पट. एकरकमी देण्याघेण्यात मुरलेले तोंडी गणित इथे अडखळते, कारण फसगत हप्त्यांच्या तक्त्यात असते आणि तो तक्ता वाचावाच लागतो. सावकाराचे व्याज तोंडी कळते, वित्तसंस्थेचे कागदावरच कळते. म्हणून परवाना नाकारणारा अधिकारी आणि व्याज तोंडी काढणारी बाई, दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते. दोघांना एका टेबलाशी आणले ते बँक हवी असण्याच्या गरजेने.

याच सातारा जिल्ह्यात त्याआधी जवळजवळ चार दशके दुसरा, फार मोठा प्रयोग झाला होता. १९५९ मध्ये इथे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षक आणि गावातली शिकलेली माणसे मानधन न घेता शिकवत. सुमारे चार महिन्यांत गावातल्या चौदा ते पन्नास वयाच्या निरक्षरांना साक्षर करायचे, आणि शेवटी सारा गाव जमून ग्रामगौरव समारंभ करायचा. १९७२ मध्ये या मोहिमेला युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. तिच्याबद्दल आदर वाटावा असे पुष्कळ आहे: गावाची इभ्रत पणाला लावून शिक्षण करता येते हे तिने दाखवले, आणि जवळजवळ पैशाविना दाखवले. पण समारंभाच्या दुसऱ्या दिवशी नवसाक्षर शेतकरी काय वाचणार होता? सातबारा तलाठ्याकडे, सोसायटीचे खाते सचिवाकडे, पत्र लिहायला मास्तर. अक्षर हाती आले आणि ते चालवायची एकही जागा बदलली नाही. पुढे १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले, तेव्हा साक्षरतेचे माप ठरले: मिनिटाला तीस शब्द मोठ्याने वाचणे, मिनिटाला सात शब्द पाहून लिहिणे, शंभरपर्यंतचे आकडे. परीक्षेला असे माप लागतेच. पण ते शब्द कोणत्या कागदावरचे, हे त्या मापात कुठेच नाही. मोठ्या माणसाला काम आधी असते, हे कादंबरीतही दिसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तर याच माणदेशी मुलखातला. शाळा भरवता भरवता तो वाडीच्या नाना अडचणींत गुंतत जातो. मोठी माणसे त्याच्याकडे येतात ती आपापले काम घेऊन.

म्हसवडला काम आधी आले आणि शाळा त्यातून फुटत गेली, म्हणून तिचा आकारही निराळा झाला. या खटाटोपाची सुरुवात एका लोहारकाम करणाऱ्या बाईपासून झाली. पावसात पालावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा म्हणून तिला थोडी थोडी बचत करायची होती, आणि रक्कम फार लहान म्हणून बँक तिचे खाते उघडत नव्हती. स्वतःची बँक झाल्यावर बायकांचे पुढचे प्रश्न समोर आले: कर्ज मिळाले, पण धंदा कसा वाढवायचा, माल कुठे विकायचा, नफा कशाला म्हणायचे. त्यातून २००६ मध्ये माणदेशी उद्योगिनी ही व्यवसायाची शाळा निघाली. ज्या बायका शेळ्या, घर आणि मजुरी सोडून म्हसवडला येऊ शकत नव्हत्या त्यांच्यासाठी बसमध्ये वर्ग मांडला गेला, आणि २००८ मध्ये माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले. म्हसवडचा माण हा पर्जन्यछायेचा तालुका. कामासाठी आणि चाऱ्यासाठी माणसे वर्षातला बराच काळ बाहेर असतात. शाळेनेच चाके लावून निघावे हे इथे गरजेतून सुचलेले होते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे वळण. बँकेने व्यवहार डिजिटल करायचे ठरवले तेव्हा सभासदांसाठी पिन क्रमांक योजला होता. बायकांनी तो नको म्हणून सांगितले. पिन कोणीही चोरून पैसे काढील, अंगठा कोणाला चोरता येत नाही. खाते अंगठ्याला जोडा. घरात पैशावर कोणाकोणाचा डोळा असतो हे त्यांना बँकेच्या तंत्रज्ञापेक्षा जास्त ठाऊक होते. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्या संस्थेची रचना बदलावी, असे वर्गात सहसा घडत नाही, कारण अभ्यासक्रम आधीच छापून आलेला असतो. इथे घडले, कारण बायका इथे विद्यार्थिनी नव्हत्या, भागधारक होत्या.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे शिक्षणाला पैशाच्या दावणीला बांधणे झाले. माणसाने केवळ कर्जाचा तक्ता कळावा म्हणून वाचायचे का? ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून तिथे पाटी घेऊन बसू लागल्या. त्यांना कर्ज नको होते. पोथी वाचता यावी, सही करता यावी, आपल्याला शाळा मिळाली नाही ही खंत जावी, एवढेच हवे होते. या शाळेपुढे माझा युक्तिवाद तोकडा पडतो असे प्रथमदर्शनी वाटते, पण तिथेही अक्षर एकटे नाही. पोथी चारचौघींत वाचली जाते आणि वाचणाऱ्या बाईला गावात मान असतो. त्या मानाच्या जागेवर आजीबाईंना बसायचे होते. उपयोग आणि प्रतिष्ठा यांची अशी फाळणी जोतीराव फुल्यांनीही केली नव्हती. १८५५ च्या ‘तृतीय रत्न’ नाटकात धर्माच्या नावाने नाडले गेलेले कुणबी जोडपे शेवटी फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत जायचे ठरवते. नाडले जाऊ नये म्हणून शिकणे हे पोटासाठी शिकणे की मानासाठी, हे त्या जोडप्याला वेगळे करून सांगता आले नसते.

दुसरा आक्षेप असा की म्हसवड अपवाद आहे. जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतून आलेली, मुंबई सोडून दुष्काळी गावात राहिलेली चेतना सिन्हांसारखी बाई प्रत्येक तालुक्याला कुठून मिळणार, आणि गावोगाव बँका तरी कशा निघणार? बँका निघणार नाहीत, निघू नयेतही. पण ज्या संस्थांमध्ये सहीवर काही ठरते त्या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत: दूध सोसायट्या आहेत, अर्ध्या जागा बायकांसाठी राखीव असलेल्या ग्रामपंचायती आहेत, आणि ‘माविम’ व ‘उमेद’ या सरकारी यंत्रणांनी उभे केलेले बचत गट तर वाडीवस्तीपर्यंत गेले आहेत. गटाची पंचसूत्रीच पाहा: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी. पाचवे सूत्र तर लिहिण्या-वाचण्याचेच आहे. मोठ्या माणसांच्या शाळेला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आणि इथेच माझ्या म्हणण्याला खरी अडचण येते. संस्था असली की शिक्षण होते असे असते तर गटांमुळे आज निरक्षर बाई शोधावी लागली असती. प्रत्यक्षात गटाची वही बहुधा एकच जण लिहिते. कधी ती शिकलेली सचिव असते, कधी अनेक गटांचे हिशेब लिहिणारी लेखनिक, कधी कोणाची तरी दहावीतली मुलगी. बाकीच्या ठरावाखाली सही करतात किंवा अंगठा देतात. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. बँकेचे कर्ज मिळायचे तर नोंदी बिनचूक लागतात, चुकलेल्या आकड्याचा फटका साऱ्या गटाला बसतो, आणि बैठक संपवून प्रत्येकीला स्वयंपाकाला पळायचे असते. म्हणून जिला येते तीच लिहिते, वर्षानुवर्षे तीच लिहिते, आणि गटाच्या पैशावरची खरी पकडही हळूहळू तिच्याकडे जाते. तेव्हा माझे विधान दुरुस्त करून मांडायला हवे: नुसती संस्था पुरत नाही, लेखणी त्या संस्थेत फिरती असावी लागते. म्हसवडलाही परवान्याच्या अटीने ती एकदा फिरवली. बँक चालू लागल्यावर खातेवही सांभाळायला शिकलेले कर्मचारी लागतात, आणि सभासद बाईने वाचलेच पाहिजे अशी निकड तिथेही रोजची राहत नाही.

दुसरी अडचण अंगठ्याचीच. तो चोरता येत नाही हे खरे, पण झिजतो. घण मारणाऱ्या, दगड फोडणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या हातांचे ठसे यंत्र पुष्कळदा ओळखत नाही, आणि हक्काचा पैसा काढायला आलेली बाई परत जाते. ठसा जुळला तरी पुढचा प्रश्न उरतो: आधारवर चालणाऱ्या यंत्रावर अंगठा टेकवला की पैसे निघतात, पण किती निघाले हे पावती सांगते. हजार हातात पडले आणि खात्यातून दोन हजार गेले, तर ते अंगठ्याला कळत नाही. ठशाने पैशाला कुलूप लागते. उघडणारा किती घेऊन गेला ते वाचूनच समजते. फोनवरचा आवाजी संदेश आणि चित्रफिती यांमुळे आता अक्षराची गरजच उरणार नाही असे काही जण म्हणतात. पण ओटीपी मागणाऱ्या भामट्याचा आवाजही त्याच फोनवर येतो.

केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी चालू आहे. पंधरा वर्षांवरच्यांसाठी, स्वयंसेवकांच्या जोरावर, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची दीडशे गुणांची चाचणी. सोबत आर्थिक आणि डिजिटल साक्षरतेचेही उद्दिष्ट आहे. उद्दिष्टे चांगलीच आहेत. पण ही चाचणी गटाच्या वहीला जोडलेली नाही. मागच्या बैठकीचे इतिवृत्त दर खेपेला वेगळ्या सभासदाने मोठ्याने वाचावे, परतफेडीचा आकडा जिचा तिने वहीत लिहावा, आणि हे तास साक्षरतेचे तास म्हणून धरावेत, एवढी जोड करायला नवे खाते लागत नाही. लागतो तो वेळ. पाऊण तासाची बैठक दीड तास चालेल, खाडाखोड होईल, लेखापरीक्षक तक्रार करील, अडखळत वाचणाऱ्या सासूला सुनेपुढे संकोच वाटेल. ही संथ बैठक चालू द्यायची तर कर्ज देणाऱ्या बँकेला आणि ‘उमेद’च्या कार्यालयाला नोंदींच्या सुबकतेचा हट्ट काही काळ सोडावा लागेल, आणि खोडलेल्या आकड्यांमुळे गटाची प्रतवारी घसरणार नाही अशी तरतूद आधी करावी लागेल. गटांची तपासणी पत्रके आज ज्यांच्या हाती आहेत त्यांनीच ही तरतूद करायची आहे.