विमान की गाडी? तिकीट बघून नका ठरवू, वहीवर मांडून ठरवा



पुण्याहून नागपूरला धंद्याच्या कामासाठी जायचंय, विमानाने जाऊ की स्वतःची गाडी काढू? हा प्रश्न मला ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. आणि बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, "सर, गाडी घरचीच आहे, पेट्रोलच तर टाकायचं." मीही असंच म्हणायचो. त्या वाक्याची किंमत मी मोजली आहे, म्हणून आज ते सगळं गणित सांगतो.

२०२३ ची गोष्ट. माझं बॅगांचं दुकान आहे आणि विदर्भातल्या काही दुकानदारांना मी होलसेलमध्ये स्कूलबॅग देतो. नागपूरच्या एका मोठ्या दुकानदाराने सकाळी दहाची वेळ दिली होती. मी आणि माझा मावसभाऊ, दोघं जाणार. विमानाची तिकिटं बघितली, जाऊन-येऊन दोघांचे वीस हजार. पेट्रोल आणि टोल धरला तर बारा. म्हटलं, आठ हजार वाचतायत, काढू गाडी. दिवसभर दुकान सांभाळलं, रात्री शटर ओढलं आणि दहाला निघालो.

छत्रपती संभाजीनगरपर्यंत ठीक होतं. तिथून समृद्धी महामार्ग लागला. सरळ, रिकामा, सिमेंटचा रस्ता. ना गाव, ना चौक, ना समोरून येणारी गाडी. मेहकरच्या पुढे पहाटे कधीतरी माझा डोळा लागला. किती सेकंद, माहीत नाही. मावसभाऊ "दादा, गाडी!" म्हणून ओरडला आणि त्यानेच स्टिअरिंग धरलं, तेव्हा गाडी डावीकडच्या कठड्यापासून हातभर होती. पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी लावली. हात थरथरत होते.

दोन तास तिथेच झोपलो. नागपुरात पोहोचलो साडेअकराला. समोरचा माणूस दीड तास थांबलेला, वैतागलेला. माझं डोकं जड. त्याने ठरल्यापेक्षा चार टक्के जास्त डिस्काउंट मागितला, आणि वाद घालायची ताकद नव्हती म्हणून मी हो म्हणून टाकलं. ऑर्डर होती २,१०,००० ची. चार टक्के म्हणजे ८,४००. वाचवले आठ हजार, घालवले आठ हजार चारशे. आणि जीव वाचला तो नशिबाने, माझ्या हुशारीने नाही.

गाडीचा खरा खर्च

आता गणित मांडू. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

पुणे ते नागपूर साधारण ७२० किलोमीटर, जाऊन-येऊन १,४४०. माझी गाडी लिटरला १६ देते, म्हणजे ९० लिटर. १०४ रुपये भाव धरला तर ९,३६०. दोन्ही बाजूंचा टोल २,५०० धरा. इथपर्यंत सगळे मोजतात.

पुढचं कुणी मोजत नाही. टायर झिजतात, सर्व्हिसिंग लवकर येतं, विकताना मीटर बघून गाडीची किंमत कमी होते. मी त्यासाठी किलोमीटरला ३ रुपये धरतो, ते झाले ४,३२०. म्हणजे एकूण १६,१८०. "पेट्रोलच तर टाकायचं" म्हणणाऱ्याच्या डोक्यात यातले जेमतेम ९,३६० असतात.

विमानाचा खरा खर्च

इथे उलटी चूक होते, फक्त तिकीट बघितलं जातं. जाऊन-येऊन तिकीट १०,००० धरा. सणासुदीला किंवा आयत्या वेळी काढलं तर ते सहज वाढतं. घर ते लोहगाव विमानतळ आणि परत, कॅब १,२००. नागपुरात दोन दिवस फिरायला १,८००. एका माणसाचे १३,०००. दोघं असाल तर कॅब तीच राहते, तिकीट फक्त वाढतं, म्हणजे २३,०००.

बघा गंमत. एकटे असाल तर विमान गाडीपेक्षा ३,१८० ने स्वस्त. दोघं असाल तर गाडी ६,८२० ने स्वस्त. विमानाचा खर्च माणसागणिक वाढतो, गाडीचा जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे पहिला प्रश्न हा: किती जण जाणार?

तुमच्या तासाची किंमत

विमान हवेत दीड तास असतं. पण घरातून विमानतळ, आत दीड-दोन तास, उतरल्यावर बॅग आणि कॅब, सगळं धरून घर ते दुकान पाच-साडेपाच तास जातात. गाडीने चहा-जेवण धरून दहा-साडेदहा. फरक एका बाजूला पाच तास, दोन्ही मिळून दहा.

तुमचा तास कितीचा? महिन्याचा निव्वळ नफा ६५,००० असेल आणि तुम्ही २६ दिवस, रोज १० तास काम करत असाल, तर तास झाला २५० चा. दहा तासांचे २,५००. सोबतच्या माणसाचा तास ८० चा धरला तर त्याचे ८००. दिवसा गाडी चालवायची तर एक मुक्काम वाढतो, त्याचे २,००० धरा. हे ५,३०० वजा केले, की दोघांसाठी गाडीचा ६,८२० चा फायदा १,५२० वर येतो. एवढ्यासाठी दोन दिवस स्टिअरिंगवर बसायचं का, हे तुम्ही ठरवा.

याच हिशेबातून एक सोपा ठोकताळा निघतो. कुठल्याही विमानप्रवासाला घर ते काम पाच तास जातातच. तेवढ्या वेळात गाडी साधारण ३०० किलोमीटर जाते. म्हणून पुणे-नाशिक, पुणे-कोल्हापूरला विमानाचा विचारच नको. ६०० च्या पुढे विमानाचा हिशेब नक्की मांडा. मधल्या अंतरात माणसं आणि थांबे ठरवतात.

थांबे आणि माल

फक्त नागपुरात दोन मीटिंग असतील तर गाडी तिथे नुसती उभी राहते. पण वर्धा, अमरावती, अकोला असे चार-पाच दुकानदार गाठायचे असतील, उधारी वसूल करायची असेल, तर गाडीच कामाची. तिथे विमानाने जाऊन पुन्हा भाड्याची गाडी करणं महाग पडतं.

सॅम्पलचंही बघा. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर सहसा १५ किलो सामान खाली आणि ७ किलो हातात नेता येतं. वर गेलं की जादा पैसे. मी आता सॅम्पलचा बॉक्स आदल्या रात्री ट्रॅव्हल्सच्या पार्सलने पाठवतो आणि मोकळ्या हाताने विमानात बसतो.

जीएसटीचा मुद्दा विसरू नका

तुम्ही रेग्युलर जीएसटीत असाल आणि प्रवास धंद्याचा असेल, तर तिकीट काढताना तुमचा जीएसटी नंबर टाका. इकॉनॉमी तिकिटावर ५ टक्के जीएसटी असतो, त्याचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं. पेट्रोल-डिझेल जीएसटीतच नाही, तिथे क्रेडिटचा प्रश्नच येत नाही. कंपोझिशनमध्ये असाल तर मात्र हे क्रेडिट मिळत नाही. रक्कम छोटी आहे, पण हक्काची आहे. एकदा तुमच्या सीएला विचारून घ्या.

मी आता काय करतो

फक्त नागपूरचं काम असेल आणि एकटा असेन, तर विमान. मीटिंग सकाळची असेल तर आदल्या संध्याकाळीच जातो, कारण विमान उशिरा आलं तर समोरचा माणूस कारण ऐकत बसत नाही. विदर्भाची पूर्ण फेरी असेल आणि दोघं असू, तर गाडी. पण गाडीचे तीन नियम पक्के: दिवसभर दुकान करून रात्री निघायचं नाही, दर दोन तासांनी उतरून चालायचं, आणि निघण्याआधी टायरची हवा आणि वय तपासायचं. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. त्या वेगात जुना टायर फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

पुढच्या ट्रिपच्या आधी वहीचं एक पान घ्या. मधोमध रेघ मारा, एका बाजूला गाडी, एका बाजूला विमान. माणसं, थांबे, माल, तुमचे तास, मुक्काम, सगळं लिहा. दहा मिनिटं लागतील. आणि खाली एक ओळ अजून लिहा: "मी तिथे पोहोचेन तेव्हा सौदा करण्याच्या अवस्थेत असेन का?" या ओळीचं उत्तर "नाही" असेल, तर वरची बेरीज कितीही कमी येऊ दे, तो पर्याय खोडून टाका.

भेटू पुढच्या भागात. गाडी जपून चालवा.