गिअर आपोआप पडतो, मग जुन्या मसल कारचं इंजिन बसतं कसं?

'फास्ट अँड फ्युरियस'मधली डॉमची काळी चार्जर आठवतेय? १९७० ची डॉज चार्जर. आजही इन्स्टावर अशा गाड्यांच्या रील्स तुफान चालतात. सीन ठरलेला असतो. टायरचा धूर, इंजिनची डरकाळी आणि टॅकोमीटरचा काटा पार लाल पट्ट्यात. खाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास लिहितं, "ऑटोमॅटिक आहे भावा, इंजिनला काही होत नाय. वेळ आली की गिअर स्वतःच पडतो."

आजच्या गाडीबद्दल हे बऱ्यापैकी खरं आहे. तुम्ही ॲक्सिलरेटर कितीही दाबा, ठरलेल्या आरपीएमला गाडीतला कॉम्प्युटर इंधन तोडतो. नको तो गिअर मागितला तर देत नाही. १९७० च्या चार्जरमध्ये मात्र असा कुणी राखणदार नाही. कार्बोरेटर आहे, साधं इग्निशन आहे आणि रेव्ह लिमिटर नाहीच.

मग गिअर टाकतं कोण?

या चार्जरच्या मोठ्या इंजिनांसोबत क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट ७२७ हा ३ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळायचा. त्याचा सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर गव्हर्नर नावाचा एक भाग फिरतो. शाफ्ट जितका जोरात फिरेल तितका गव्हर्नरचा दाब वाढतो आणि तो म्हणतो, वरचा गिअर टाका. दुसरीकडे कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक रॉड आलेला असतो. तुम्ही पाय जितका दाबाल तितका तो रॉड म्हणतो, थांबा, अजून ताकद हवीय. या दोघांच्या रस्सीखेचीत गव्हर्नर जिंकला की गिअर पडतो.

आता यातली गंमत बघा. या अख्ख्या भांडणात इंजिनचा आरपीएम कुणी विचारलेलाच नाही. गव्हर्नरला फक्त त्या शाफ्टचा वेग कळतो. ७२७ चा पहिला गिअर २.४५ चा आहे. म्हणजे शाफ्ट २००० आरपीएमला असताना गिअर पडणार असेल, तर इंजिन तेव्हा किमान ४९०० वर असतं.

मागच्या ॲक्सलचा रेशो बदलला की इंजिन वेगळ्या आरपीएमला गिअर बदलतं, असं बरेच जण समजतात. तसं नाही. गव्हर्नर ॲक्सलच्या अलीकडे बसलेला आहे. त्यामुळे फरक पडतो तो रस्त्यावरच्या वेगात, शिफ्टच्या आरपीएममध्ये नाही. पण एक मेख आहे. तेलाचा दाब वाढून क्लच किंवा बँड पकडेपर्यंत थोडा वेळ जातोच. समजा इंजिन सेकंदाला १००० आरपीएमने चढतंय आणि गिअर पकडायला ०.३ सेकंद लागले, तर काटा ३०० ने पुढे जाईल. ताकद वाढवलेल्या, पिकअपवाल्या गाडीत इंजिन सेकंदाला २००० ने चढत असेल तर ६०० ने. गिअरबॉक्स तोच, सेटिंग तेच, तरी इंजिन जास्त ओरडणार.

किती आरपीएम म्हणजे बास?

याचं उत्तर गिअरबॉक्समध्ये नाही, इंजिनमध्ये आहे. चार्जरमधलं ४४० मॅग्नम घ्या. ७.२ लिटरचं इंजिन, कंपनीने सांगितलेली ताकद ३७५ हॉर्सपॉवर, ४६०० आरपीएमला. सर्वाधिक टॉर्क ३२०० ला. ५००० ला गिअर टाकला तर दुसऱ्या गिअरमध्ये काटा हिशोबाने २९६० च्या आसपास उतरतो, टॉर्क कन्व्हर्टरच्या घसरणीमुळे थोडा वरच. म्हणजे टॉर्क जिथे भरपूर आहे बरोबर तिथे. म्हणून मूळ अवस्थेतल्या ४४० साठी माझ्या मते ५००० च्या आसपास विषय संपतो. ६००० पर्यंत ताणून गाडी जोरात पळत नाही, फक्त आवाज जोरात येतो. रीलसाठी तेवढंही पुरतं म्हणा.

आणि त्या जादाच्या १००० ची किंमत काय? ५००० आरपीएमला प्रत्येक पिस्टन सेकंदाला साधारण १६६ वेळा थांबून उलट फिरतो. हा हिसका कनेक्टिंग रॉड आणि त्याचे बोल्ट सोसतात. आरपीएम २० टक्क्यांनी वाढला की हिसका ४४ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. वरच्या बाजूला व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांची वेगळीच तारांबळ. वेग फार झाला की स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत बंद करू शकत नाही. नशीब खराब असेल तर उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. त्यात स्प्रिंग पन्नाशी ओलांडलेल्या असतील तर ४४० ने कारखान्यातून निघताना जे सोसलं ते आज सोसेलच असं नाही.

आता लिव्हरकडे या. त्यावर डी, २ आणि १ असतं. लिव्हर १ वर ठेवला की गिअरबॉक्स पहिल्यातच राहतो, मग इंजिन कितीही किंचाळू दे. 'ऑटोमॅटिक आहे भावा' इथे संपतं. हाताने गिअर टाकणारे अनुभवी लोक म्हणूनच ५००० ची वाट बघत नाहीत. ४७०० ला लिव्हर ढकलतात, गिअर पकडेपर्यंत काटा ५००० ला पोचतो.

इंजिन बसलं तर पैसे जातात. ७२७ चा दुसरा धोका मात्र पायांना आहे. डी मध्ये पहिला गिअर सायकलच्या फ्रीव्हीलसारख्या एका क्लचवर टिकून असतो, जो एका दिशेने फिरतो आणि उलट दिशेने अडतो. टायर जागेवर फिरवून धूर काढताना चाकांना अचानक कोरडा रस्ता मिळाला की सगळा झटका त्याच्यावर येतो. तो तुटला तर आतला पुढचा ड्रम इंजिनच्या दुपटीहून जास्त वेगाने फिरू शकतो. इंजिन ५५०० वर असेल तर ड्रम १२,००० च्या वर. ड्रम फुटला की त्याचे तुकडे ॲल्युमिनियमचं कवच फोडून बाहेर येतात, आणि गिअरबॉक्स असतो ड्रायव्हरच्या पायांशेजारी. ड्रॅग रेसिंगवाले गिअरबॉक्सवर जाड कवच बसवतात ते यासाठीच.

शेवटी तो रॉड. जुन्या गाडीवर नवा कार्बोरेटर बसवताना तो जुळत नाही म्हणून सर्रास काढून टाकला जातो. गाडी चालते, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. पण पाय पूर्ण दाबलाय हे गिअरबॉक्सला कळतच नाही. तो कमी दाबावर, लवकर गिअर टाकतो, क्लच घसरतात आणि जळतात. आरपीएम अगदी सुरक्षित असतानाही! अशी एखादी गाडी बघायला गेलात तर बॉनेट उघडल्यावर क्रोमकडे नंतर बघा, आधी कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारा तो रॉड जागेवर आहे का ते तपासा.